प्रतिकारशक्तीला ‘पुरे’ कोण म्हणतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भाजी चिरताना बोटाला विळी लागली, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठसठसते. मग तीन-चार दिवसांत सूज ओसरते, खपली धरते आणि आठवडाभरात आपण ते विसरूनही जातो. सूज का आली, हे शाळेतली मुलंही सांगतील. जखमेतून जंतू शिरले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या, लढाई झाली. पण सूज ओसरली का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. जंतू मेले म्हणून ओसरली, असं आपण गृहीत धरतो. हे उत्तर अपुरं आहे. स्वयंपाक झाला म्हणून चूल आपोआप विझत नाही. कुणाला तरी लाकडं मागे ओढावी लागतात. शरीरातही अशी लाकडं मागे ओढणारं कुणीतरी आहे. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

ही ओळख करून घ्यायला कारणही तसंच आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही घोषणा आपल्या कानांवर सतत पडते आहे. काढे, गोळ्या, चूर्णं, अगदी बिस्किटंसुद्धा या नावावर विकली गेली. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक. जितकी जास्त तितकी बरी! प्रत्यक्षात सांधे वाकडे करणारा आमवात, लहान वयात होणारा आणि इन्शुलिनशिवाय भागत नाही असा मधुमेह, सोरायसिस, ल्युपस या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती आपल्याच शरीरावर चालून गेलेली असते आणि थांबायला तयार नसते. कोरोनाच्या साथीतही हेच दिसलं. २०२० च्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करणारं औषध ठरलं डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं एक जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. तेव्हा शक्ती किती आहे, एवढ्यावर भागत नाही. ती कधी सुरू होते आणि कधी थांबते, यावर सगळं अवलंबून आहे.

हा आवर कसा घातला जातो, ते समजायचं तर पेशीच्या आत डोकवावं लागेल. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण इथे प्रथिन म्हणजे पेशीतला कामगार. कुणी निरोप पोचवतो, कुणी दार उघडतो, कुणी जनुकांवर बसून त्यांना चालू किंवा बंद करतो. या कामगारांचं आयुष्य सारखं नसतं. काही प्रथिनं महिनोन्‌महिने टिकतात, तर काहींची मुदत अवघ्या काही मिनिटांची असते. पेशीला आपली वागणूक चटकन बदलायची असेल, तर नवी प्रथिनं बनवत बसायला वेळ नसतो. आहे त्यांतलं एखादं काढून टाकणं, हा जवळचा रस्ता. पण हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं कोणतं काढायचं? त्यासाठी खूण हवी.

ही खूण म्हणजे युबिक्विटिन नावाचं एक छोटंसं प्रथिन. ७६ अमिनो आम्लांची इवलीशी माळ. त्याच्या शोधाची कथा गमतीची आहे. आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे तयार होतात. १९७५ मध्ये अमेरिकेत गिडिऑन गोल्डस्टाइन आणि त्यांचे सहकारी वासराच्या थायमसचा अभ्यास करत होते. तेव्हा त्यांना एक पदार्थ मिळाला. पांढऱ्या पेशी घडवण्याचं काम तो करतो, असं त्यांना वाटलं. पण शोधायला गेलं तर तो प्राण्यांत सापडे, वनस्पतींत सापडे, यीस्टमध्येही सापडे. म्हणून ‘सर्वत्र असणारा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं. पुढे पांढऱ्या पेशी घडवण्याचा दावा टिकला नाही, नाव मात्र राहिलं. प्रतिकारशक्तीच्या शोधात हाती लागलेल्या या पदार्थाचा प्रतिकारशक्तीशी असलेला खरा संबंध कळायला मग बरीच वर्षं जावी लागली.

त्याचं खरं काम कळलं, ते भलत्याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना. इस्रायलमधल्या हैफा शहरात टेक्निऑन ही नामवंत संस्था आहे. तिथे अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चेखानोव्हर हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका कोड्यामागे लागले होते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे अर्विन रोज त्यांच्या सोबतीला होते. कोडं असं : पेशीच्या आत प्रथिन मोडायला ऊर्जा का लागते? आपण खाल्लेली डाळ पोटात पचते, तेव्हा तिच्यातली प्रथिनं तोडायला पाचक रसांना वेगळी ऊर्जा पुरवावी लागत नाही. घर बांधायला खर्च येतो हे कळतं. पण पेशीत तर पाडायलाही खर्च होत होता. सशाच्या कोवळ्या लाल रक्तपेशींच्या अर्कावर प्रयोग करताना या मंडळींना १९८० मध्ये उत्तर सापडलं. जे प्रथिन मोडायचं, त्याला आधी एक छोटं प्रथिन चिकटवलं जात होतं. एक नव्हे, एकापुढे एक अशी अनेक. आणि हे छोटं प्रथिन म्हणजे पाच वर्षांपूर्वी नाव मिळालेलं युबिक्विटिनच निघालं. म्हणजे खर्च नुसता पाडण्याचा नव्हता. नेमकं काय पाडायचं, हे ठरवण्याचाही होता. या शोधाबद्दल तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

ही खूण लावण्याचं काम विकरं, म्हणजे एन्झाइम करतात. ते तीन टप्प्यांत चालतं. पहिलं विकर ऊर्जा खर्च करून युबिक्विटिनला कामासाठी सज्ज करतं. दुसरं त्याची ने-आण करतं. तिसरं विकर नेमक्या प्रथिनाला ओळखतं आणि त्याच्या अंगावर खूण लावून घेतं. माणसाच्या पेशींत पहिल्या प्रकारची विकरं दोनच आहेत, दुसऱ्या प्रकारची सुमारे चाळीस आणि तिसऱ्या प्रकारची सहाशेहून अधिक. यावरूनच ध्यानात येईल, की खरी पारख तिसऱ्याकडे आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘लायगेज’ म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला ‘खूणकरी’ म्हणू.

रस्ता रुंद करायचं ठरलं, की कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे पडतात, हे आपण पाहतो. आकडा घालणारा माणूस काही झाड तोडत नाही. तोडणारी टोळी मागाहून येते आणि आकडा बघून करवत चालवते. पेशीतली ही टोळी म्हणजे प्रोटिआसोम नावाचं नळकांड्यासारखं यंत्र. युबिक्विटिनची साखळी अंगावर असलेलं प्रथिन ते आत ओढून घेतं आणि त्याचे बारीक तुकडे करून बाहेर टाकतं. युबिक्विटिन मात्र आधीच सोडवून घेतलं जातं. ते पुन्हा वापरायचं असतं.

पण झाडावर आकडा पडला म्हणजे ते तोडायचंच, असं नाही. महापालिकेची वृक्षगणना असते, तेव्हाही बुंध्यावर आकडाच घालतात. खूण कशी घातली आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. युबिक्विटिनचंही तसंच आहे. साखळीतल्या कड्या एकमेकींना कुठल्या जागी जोडल्या आहेत, ते महत्त्वाचं. ४८ व्या अमिनो आम्लाशी जोडल्या असतील, तर निरोप असतो ‘हे मोडा’. ६३ व्या जागी जोडल्या असतील, तर निरोप बहुधा असतो ‘इथे जमा व्हा, काम सुरू करायचं आहे’. शिवाय माणसाच्या पेशींत अशी सुमारे शंभर विकरं आहेत, ज्यांचं काम लावलेली खूण पुसण्याचं आहे. लावणं, पुसणं, बदलून लावणं हा खेळ पेशीत अखंड चालू असतो. प्रतिकारशक्तीचा बराचसा कारभार याच खेळावर चालतो.

आधी सुरुवात कशी होते, ते पाहू. १९८६ मध्ये अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन शोधून काढलं. दाह निर्माण करणाऱ्या, जंतूंशी लढणाऱ्या शेकडो जनुकांची कळ याच्या हातात असते. एरवी ते पेशीच्या केंद्रकाबाहेर गप्प बसलेलं असतं, कारण दुसरं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. या दुसऱ्याला आपण ‘राखणदार’ म्हणू. जंतूची चाहूल लागली, की पेशीच्या पृष्ठभागावरून निरोप आत येतो. ट्रॅफ-६ नावाचा खूणकरी ६३ च्या साखळ्या विणतो, तिथे मदतनीस गोळा होतात. हे काम झिजियान चेन यांच्या अमेरिकेतल्या गटाने २००० मध्ये दाखवून दिलं. मदतनीस राखणदारावर एक रासायनिक ठसा मारतात. तो ठसा पाहून दुसरा खूणकरी राखणदाराला ४८ ची साखळी चिकटवतो. प्रोटिआसोम राखणदाराला मोडून टाकतं. एनएफ-कॅपा-बी मोकळं होतं आणि थेट केंद्रकात शिरतं. हे सगळं काही मिनिटांत घडतं. तुमचं बोट लाल होऊ लागतं, ते यानंतर.

आता गंमत पाहा. केंद्रकात शिरल्यावर एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांत राखणदार बनवणारं जनुकही असतं. म्हणजे लढाईचा हुकूम सोडतानाच ती थांबवणाऱ्याला बोलावणं धाडलेलं असतं. शिवाय त्याच यादीत आणखी एक नाव असतं : ए-ट्वेंटी. या विकराला जणू दोन हात आहेत. एका हाताने ते ‘जमा व्हा’ ही ६३ ची साखळी पुसतं आणि दुसऱ्या हाताने त्याच प्रथिनावर ‘हे मोडा’ ही ४८ ची साखळी लावण्याचं काम साधतं. ए-ट्वेंटीची ही दुहेरी करामत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. लाकडं मागे ओढणारं कुणीतरी आहे असं सुरुवातीला म्हटलं, त्यांतलं हे एक.

ते नसेल तर काय होतं? २००० मध्ये शास्त्रज्ञांनी ए-ट्वेंटीचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जन्माला आले; पण त्यांच्या अनेक अवयवांत दाह भडकला, ते खंगत गेले आणि काही आठवड्यांतच दगावू लागले. माणसांतही याचं उदाहरण मिळालं. २०१६ मध्ये काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात लहानपणापासून तोंडात आणि गुप्तांगांवर वारंवार व्रण, ताप, सांधेदुखी, काहींना आतड्याचा किंवा डोळ्यांचा दाह असा त्रास होता. ए-ट्वेंटीच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती. आई आणि वडील यांच्याकडून एकेक प्रत येते. त्यातली एक चांगली असूनही भागत नव्हतं. निम्मा आवर पुरेसा नसतो, हे त्यातून कळलं.

दुसरं उदाहरण खरोखरच खाजेचं आहे. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना कातडी सोलून निघेपर्यंत खाज सुटे. त्यांच्या फुप्फुसांत आणि पोटातही दाह असे. १९९८ मध्ये त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक सापडलं आणि त्याचं नावच ‘इच’ ठेवलं गेलं, म्हणजे खाज. हे जनुक एक खूणकरी बनवतं. टी पेशींमध्ये ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया वाढवणारं एक प्रथिन असतं. त्याच्यावर वेळच्या वेळी मोडण्याची खूण लावणं, हे या खूणकऱ्याचं एक काम. तो नसला की ते प्रथिन साचत जातं आणि टी पेशी शांत होत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अमिश समाजातल्या काही मुलांमध्ये याच जनुकातला दोष आढळला. हा समाज आपसांतच लग्नं करणारा, त्यामुळे असे दुर्मीळ दोष तिथे वर येतात. या मुलांची वाढ खुंटलेली होती, यकृत आणि प्लीहा वाढलेली होती, फुप्फुसांना दाह होता; आणि त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच अवयवांवर उठलेली होती.

तिसरं उदाहरण बँकेच्या लॉकरसारखं आहे. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. टी पेशीलाही कामाला लागायला दोन इशारे लागतात. एक इशारा ‘हा परका दिसतोय’ असा, आणि दुसरा ‘धोका खरा आहे’ असा. केवळ पहिला इशारा मिळाला, तर ती गप्प राहते. त्यामुळे आपल्याच शरीरातल्या एखाद्या प्रथिनाविषयी शंका आली, तरी लगेच हल्ला होत नाही. ही दोन किल्ल्यांची शिस्त सांभाळणारा एक खूणकरी आहे, सीबीएल-बी. २००० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं, की सीबीएल-बी नसलेल्या उंदरांच्या टी पेशी एकाच किल्लीवर उघडतात. अशा उंदरांना स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणारे आजार सहज जडतात.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पुढे २००७ च्या सुमारास असं दिसलं, की सीबीएल-बी नसलेले उंदीर कर्करोगाच्या गाठी अधिक चांगल्या परतवून लावतात. कर्करोगाची पेशी ही आपलीच बिघडलेली पेशी. तिच्याकडे पाहून टी पेशींना दुसरा इशारा बहुधा मिळत नाही, म्हणून त्या स्वस्थ बसतात. शिस्त सैल केली, की त्या उठतात. म्हणून सीबीएल-बीला तात्पुरतं अडवणाऱ्या औषधांच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील प्राथमिक चाचण्या गेल्या काही वर्षांत सुरू झाल्या आहेत. म्हणजे तोच आवर एका रुग्णाला हवा आहे आणि दुसऱ्याला नको आहे.

खूणकरी केवळ आवर घालतात, असंही समजू नका. काही स्वतः लढतात. आपल्या प्रतिपिंडांचं काम पेशीच्या बाहेर चालतं, विषाणू आत शिरला की त्यांचा इलाज चालत नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं. २०१० मध्ये केंब्रिजच्या लिओ जेम्स यांच्या गटाने त्याला छेद दिला. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू पेशीत शिरला, तर आतला ट्रिम-२१ नावाचा खूणकरी त्या प्रतिपिंडालाच पकडतो, त्यावर खूण लावतो आणि प्रोटिआसोमकडून विषाणूचा फडशा पाडवतो. २०२१ मध्ये तर आणखी नवल कळलं. पेशीत घुसलेल्या साल्मोनेला जंतूच्या बाहेरच्या आवरणावर एक खूणकरी युबिक्विटिन लावतो. हे आवरण प्रथिनाचं नाही, मेद आणि शर्करेचं आहे! खूण फक्त प्रथिनावरच लागते, हा नियमही त्यामुळे सैल झाला. शिवाय प्रोटिआसोमने केलेले विषाणूच्या प्रथिनांचे तुकडेही वाया जात नाहीत. त्यांतले काही पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते, आणि ते पाहून मारेकरी टी पेशींना कळतं, की या घरात चोर शिरला आहे.

चोरही काही कमी नाहीत. एचआयव्हीचंच पाहा. या विषाणूच्या जनुकांत चुका करून त्याला निकामी करणारं एक प्रथिन आपल्या टी पेशींत असतं. एचआयव्ही आपल्यासोबत ‘व्हिफ’ नावाचं एक लहान प्रथिन बनवून घेतो. ते काय करतं? आपल्याच पेशीतल्या एका खूणकऱ्याला हाताशी धरतं आणि त्या रक्षक प्रथिनावर मोडण्याची खूण लावायला लावतं. २००३ मध्ये हा डाव उघड झाला. चोराने पालिकेचाच रंग आणि कुंचला वापरून आपल्या वाटेतलं झाड काढून घ्यावं, तसा हा प्रकार.

हे सगळं उंदीर आणि प्रयोगशाळा यांच्यापुरतंच आहे, असं वाटत असेल तर एका गोळीची हकिगत ऐका. थॅलिडोमाइड हे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची निर्धोक गोळी म्हणून ती बाजारात आली. गरोदरपणातल्या मळमळीवरही ती दिली जाऊ लागली. पुढे हातापायांची वाढ न झालेली बाळं जन्माला येऊ लागली. १९६१ च्या अखेरीस ती तिथे मागे घेतली गेली, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं बाधित झाली होती. औषधांच्या चाचण्यांचे कडक नियम अनेक देशांत आले, त्यामागे ही शोकांतिका आहे.

गोळीची कथा तिथेच संपायला हवी होती. पण जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन हे डॉक्टर कुष्ठरुग्णांवर उपचार करत. कुष्ठरोगात काही रुग्णांना ‘रिॲक्शन’ येते. अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, नसा दुखतात. जंतू औषधाने मेलेले असले, तरी त्यांच्या अवशेषांवर प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्यातून हे होतं. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला झोप लागावी म्हणून शेस्किन यांनी थॅलिडोमाइड दिलं, आणि झोपेबरोबर गाठीही विरू लागल्या. हा अनुभव त्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध केला. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, तेव्हा हा विषय आपल्या फार जवळचा आहे. या रिॲक्शनवर मुख्य उपचार स्टेरॉइडचाच. थॅलिडोमाइड कडक देखरेखीखाली, निवडक रुग्णांनाच दिलं जातं. कारण धोका कमी झालेला नाही. कुष्ठरोगासाठी हे औषध वापरात राहिलेल्या ब्राझीलमध्ये १९६० च्या दशकानंतरही अशी बाळं जन्मली.

१९९९ मध्ये या गोळीचा आणखी एक उपयोग कळला. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. इतर उपचार थकलेल्या काही रुग्णांना थॅलिडोमाइडने गुण आला. एकच गोळी गर्भाचे हातपाय खुंटवते, कुष्ठरोगातला दाह शमवते आणि कर्करोगालाही आवरते, हे कसं? अर्धं शतक कुणाला उलगडत नव्हतं.

उलगडा झाला २०१० मध्ये, जपानमध्ये. हिरोशी हांडा यांच्या गटाने थॅलिडोमाइड पेशीतल्या कशाला चिकटतं, ते शोधलं. ते चिकटत होतं सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला. आणि सेरेब्लॉन हा एका खूणकऱ्याचाच भाग निघाला, कुणाला खूण लावायची ते ओळखणारा भाग. २०१४ मध्ये चित्र आणखी स्पष्ट झालं. थॅलिडोमाइडच्या कुळातलं लेनॅलिडोमाइड हे औषध या खूणकऱ्याला बंद पाडत नाही. त्याची नजर बदलतं. एरवी ज्यांच्याकडे तो पाहिलाही नसता, अशा इकॅरॉस आणि आयोलॉस या दोन प्रथिनांवर तो खूण लावू लागतो. मायलोमाच्या पेशी या दोघांच्या जिवावर जगतात. ती मोडली गेली, की त्या मरतात. टी पेशींत मात्र हीच प्रथिनं एका चेतवणाऱ्या द्रव्याची निर्मिती दाबून ठेवतात. ती मोडली गेली, की टी पेशी जाग्या होतात. २०१८ मध्ये गर्भाच्या बाबतीतला दुवाही मिळाला. हातापायांच्या घडणीला आवश्यक असलेल्या ‘साल-४’ या प्रथिनावरही गोळीमुळे खूण लागते आणि तेही मोडलं जातं. रंग तोच, कुंचला तोच. चुकीच्या झाडावर आकडा पडला, की बाळाचा हात जातो आणि योग्य झाडावर पडला, की आजोबांचं आयुष्य वाढतं. लेनॅलिडोमाइडच्या जेनेरिक गोळ्या आता भारतीय कंपन्याही बनवतात. आपल्याकडच्या मायलोमाच्या रुग्णांच्या उपचारांत त्या नेहमीच्या झाल्या आहेत. त्यांच्या वेष्टनावर गरोदरपणाविषयी एवढी कडक सूचना का असते, याचं कारण या हकिगतीत आहे.

या धड्यावरून औषधशास्त्राला एक नवी वाट सापडली आहे. आजवरची बहुतेक औषधं प्रथिनाच्या तोंडात बोळा कोंबून त्याचं काम अडवत. त्याऐवजी खूणकऱ्यालाच हाताशी धरून नको असलेलं प्रथिन मोडून टाकता येईल का? एका टोकाला खूणकरी आणि दुसऱ्या टोकाला सावज अशा दुतोंडी रेणूची कल्पना २००१ मध्ये प्रथम मांडली गेली. आज अशा औषधांच्या माणसांवर चाचण्या चालू आहेत. बहुतेक कर्करोगावर, काही प्रतिकारशक्तीच्या आजारांवरही. मात्र सहाशेहून अधिक खूणकऱ्यांपैकी फार थोड्यांना औषधासाठी वापरता आलं आहे, आणि प्रत्येकाचं काम पेशीगणिक बदलतं. त्यामुळे घाई करून चालणार नाही. थॅलिडोमाइडने घाईची किंमत दाखवली आहे.

मग तुम्ही-आम्ही यातून काय घ्यायचं? ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं लेबल पाहिलं, की एक प्रश्न विचारावा : कोणत्या पेशीतली, कशाविरुद्ध आणि किती वेळ? लस या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. ती ठरावीक जंतूची ओळख करून देते आणि काम झालं की प्रतिक्रिया ओसरते. चूर्णाच्या डब्याकडे हे उत्तर नसतं. ज्यांना आमवात, ल्युपस किंवा सोरायसिस आहे, ज्यांचं अवयवरोपण झालं आहे, त्यांनी तर अशा गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आणि ‘शक्ती कमी होते’ या धास्तीने चालू असलेली औषधं मनाने बंद करू नयेत. अशा रुग्णाच्या शरीरात आवर घालणारी यंत्रणा आधीच कमी पडते आहे, आणि औषध तिची उणीव भरून काढत असतं. त्याला दुबळं म्हणून हिणवू नये आणि घरगुती उपायांनी भरीलाही घालू नये. त्याच्या पेशींना ‘पुरे’ म्हणणारं कुणीतरी हवं आहे. तेवढं काम आज गोळी करते आहे, आणि ते लहान नाही.